एमपी३ करण्याआधी आवाज सारखा करताना मी घातलेले घोळ

जुन्या कॅसेट आणि सीड्या एकदाच्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या, एमपी३ करायच्या आणि फोनमध्ये टाकून मोकळं व्हायचं, एवढाच बेत होता. पहिल्या दिवशी हेडफोन लावून शफलवर ऐकायला बसलो तर एक गाणं इतकं बारीक की आवाज पार वर न्यावा लागला आणि लगेच पुढचं असं कानात आदळलं की हेडफोन काढून फेकलाच.

मग ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं फुकट सॉफ्टवेअर) नॉर्मलाइझ नावाचा इफेक्ट सापडला, म्हटलं झालं काम. सगळ्या फाइली शून्य डीबीला (डेसिबल; डिजिटल आवाजाचं छत म्हणजे शून्य, त्याखालचं सगळं मायनसमध्ये) नॉर्मलाइझ केल्या, पुन्हा एमपी३ केल्या, पुन्हा ऐकल्या आणि फरक जवळपास शून्य. कळेना काय चाललंय. शेवटी त्यातल्या सगळ्यात बारीक गाण्याची वेव्हफॉर्म (आवाजाच्या लाटांचं चित्र) झूम करून बघितली तेव्हा ट्यूब पेटली. पूर्ण गाणं मधल्या पट्टीत गपगुमान चाललेलं आणि सुरुवातीलाच एक उभी रेघ थेट छतापर्यंत गेलेली, ती म्हणजे डेकचं बटण दाबल्याचा खट्ट आवाज! नॉर्मलाइझ फक्त सगळ्यात उंच टोक बघतं, ते टोक आधीच शून्याजवळ असल्यामुळे बाकीच्या गाण्याला वर सरकायला जागाच नव्हती. तो खट्ट कापून टाकला आणि परत केलं तर गाणं एकदम ९ डीबी वर आलं.

पण खट्ट काढूनही जुनं आणि नवं रेकॉर्डिंग एका पातळीवर येईना. नव्या गाण्यांमध्ये आवाज आधीच दाबून दाबून भरलेला असतो, त्यामुळे टोक तेवढंच असलं तरी कानाला ती कितीतरी मोठी लागतात. कान टोक ऐकत नाही, सरासरी ऐकतो, आणि ती मोजायचं एकक म्हणजे एलयूएफएस (टीव्ही-रेडिओवाल्यांसाठी युरोपात २०१० साली जो नियम आला तो मायनस २३ चा). ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशन म्हणून वेगळा इफेक्ट आहे त्यात हाच आकडा आधीपासून भरलेला असतो. मी तो तसाच ठेवला तर फोनवर फारच बारीक वाटलं, म्हणून मायनस १८ केला, रिप्लेगेन (गाण्यांचा आवाज सारखा ठेवायची एक पद्धत) साधारण याच पातळीला धरून चालतं.

इथे एक गंमत आहे ती मला उशिरा कळली. हा इफेक्ट सरासरी जुळवतो पण टोकं कुठे जातायत याची फिकीर करत नाही, तबला किंवा ढोलकी असेल तर एखादा ठोका शून्याच्या वर जातो. ऑडॅसिटीच्या आत ३२ बिट फ्लोट असतं (ज्यात शून्याच्या वरचे आकडेही मावतात) म्हणून तिथे काही बिघडत नाही, पण १६ बिट वेव्ह फाइल काढली की शून्याच्या वरचं सगळं छाटलं जातं. त्यामुळे आता मी इफेक्ट लावून झाला की अ‍ॅम्प्लिफाय नावाचा इफेक्ट उघडून नुसता आकडा बघतो (टोक शून्यावर आणायला आवाज किती बदलावा लागेल ते तो दाखवतो), मायनस दिसला म्हणजे टोक वर गेलंय.

टोक बरोबर शून्यावर ठेवलेली एक फाइल एमपी३ करून परत ऑडॅसिटीत टाकली तर अ‍ॅम्प्लिफायने मायनस ०.८ दाखवलं, म्हणजे वेव्हमध्ये शून्यावर असलेलं टोक एमपी३ झाल्यावर वर गेलं होतं. एमपी३ बरीचशी माहिती टाकून देऊन लाट अंदाजे पुन्हा उभी करतं, ती लाट हुबेहूब तशीच येत नाही, कुठे खाली तर कुठे वर. मोठ्या गाण्यांत मधूनच जी बारीक चरचर यायची ती यामुळेच असणार. तेव्हापासून एन्कोड करण्याआधी (म्हणजे एमपी३ बनवण्याआधी) टोक मायनस १ च्या वर जाऊ देत नाही, फार ठासून भरलेलं गाणं असेल तर मायनस दीड.

कॅसेटच्या बाबतीत आणखी एक शहाणपण उशिरा आलं. आधी मी बाजू कापून गाणी सुटी करायचो आणि मग प्रत्येकाला मायनस १८ लावायचो, त्यामुळे शांत आलाप आणि त्यानंतरची जोरदार द्रुत चीज एकाच जोराने वाजायला लागली, मैफलीची सगळी चढण सपाट! आता अख्खी बाजू एकच ट्रॅक ठेवून लेव्हल लावतो आणि मग लेबलं टाकून तुकडे करतो.

आधीच एमपी३ झालेल्या फाइली मात्र परत एन्कोड करू नका, दर्जा आणखी घसरतो. त्यांच्यासाठी एमपी३गेन नावाचं सॉफ्टवेअर वापरलं, ते आवाज दीड दीड डीबीच्या पायऱ्यांनी बदलतं आणि एन्कोडिंगला हात लावत नाही.

एक कॅसेट मात्र हातची गेली. लाइन-इन (कॉम्प्युटरकडे येणारा आवाज) पूर्ण वर ठेवून रेकॉर्ड केली होती, लाटांचे माथे कात्रीने कापल्यासारखे सपाट. परत घ्यायला गेलो तर डेकने टेप गिळली. आता तीच फाइल ६ डीबी खाली आणून ठेवलीय, आवाज कमी झाला पण चरचर आहे तिथेच आहे. नवीन कॅसेट घेताना सगळ्यात जोराचा भाग आधी वाजवून बघतो आणि टोक मायनस ६ च्या आसपास राहील एवढाच इनपुट ठेवतो.