फिरत्या डब्यातली माझी सहा नाणी

बाबा गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत नाणी. 1957 चे ‘नवे पैसे’, म्हणजे दशमान पद्धत आली तेव्हाची एक पैशाची नाणीच पंधरा-वीस, आणि मला लहानपणी आवडायचे ते कमळाचे पिवळे 20 पैसे मात्र एकही नाही. इथल्या, नागपूरच्या इतवारीतल्या सराफाने चांदीची चार बाजूला काढली, उरलेल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा पोस्टातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी मला त्यांच्या फिरत्या डब्यात घेतलं.

डब्यात आम्ही सात जण. काका शंभरेक नाणी घालून तो पहिल्या घरी देतात. तिथून धरमपेठ, महाल, सक्करदरा असा तो फिरतो. हवं ते काढायचं, तेवढ्याच किमतीचं आपलं घालायचं, वहीत दोन्ही लिहायचं आणि चार दिवसांत पुढे पोचवायचं. पैशांचा व्यवहार नाही. किमती दिवाळीनंतर सगळ्यांनी बसून ठरवलेल्या यादीतल्या. पहिला हात कोणाचा हे चिठ्ठी टाकून ठरतं आणि पुढच्या फेरीत क्रम उलटा होतो, म्हणजे यंदा ज्याला उरलंसुरलं मिळालं त्याला पुढच्या वेळी सगळ्यात आधी निवडता येतं. शेतात, नांगराखाली सापडलेलं नाणं डब्यात चालत नाही. एकदा पवनीकडच्या कोणी मातीसकट आणून दिली होती. काकांनी हातही लावला नाही. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ती आधी कलेक्टरला कळवावी लागतात, एवढंच सांगून परत पाठवलं.

मी हौसेने शिकत होते. वर्षाखालची टांकसाळीची खूण बघायची: मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि काहीच नसेल तर कोलकाता. नेहरूंचे 1964 चे 50 पैसे दोन तऱ्हेचे, एकावर इंग्रजी मजकूर, दुसऱ्यावर हिंदी. हे सगळं पाठ झालं. कळलं नाही ते एवढंच, की आमच्या यादीत कोऱ्या नाण्याची किंमत हाताळलेल्याच्या चौपट का.

पहिल्या फेरीला बाबांचे सहा नवे पैसे निवडले. काळे पडले होते. दुसऱ्याच्या घरी काही पाठवताना आपण भांडं घासूनच पाठवतो ना? चिंच लावली, वर पितांबरी. लखलखीत झाले. वहीत लिहिलं, ‘सहा, कोरे’. त्या बदल्यात दोन कमळं काढून घेतली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी काका दारात. हातात चहा दिला तरी बसेनात.

‘‘धुतले कायले गं पोरी?’’

महालातल्या मुलाने भिंगाखाली पाहिलं होतं. कोऱ्या नाण्याची चमक तिरकं धरल्यावर फिरते. घासलेल्याची जागच्या जागी राहते, वर एकाच दिशेने बारीक ओरखडे दिसतात. जावळ काढलेल्या पोरासारखं ते नाणं, नवं नाही आणि जुनंही नाही. त्या मुलाने सगळ्यांसमोर एक शब्द काढला नाही, सरळ काकांना फोन केला. त्याचे मी आजही उपकार मानते. चारचौघांत झालं असतं तर मी डबा कायमचा सोडला असता.

निस्तरणं मात्र माझ्याच अंगावर. पाच नाणी परत आली, कमळं मी परत दिली. सहावं नाणं धरमपेठेतून आधीच अमरावतीच्या एका गृहस्थांकडे गेलं होतं, डब्याबाहेरच्या अदलाबदलीत. त्यांचा-माझा परिचय नाही. धरमपेठवाले म्हणाले, ‘‘जाऊ द्या हो, एका पैशाचं काय!’’ काका ऐकेनात. मी फोन केला, चूक सांगितली. ते हसले. नाणं ठेवून घेतलं, पण वर नेहरूंचे हिंदीवाले 50 पैसे मागून घेतले. आधी मला ते जास्त वाटलं. मग आठवलं, मीही सहा घासलेल्या पैशांवर दोन कमळं उचलली होतीच की.

आता माझी तक्रार. तिसऱ्या फेरीत माझा नंबर शेवटचा होता. डबा आला तर त्यात सगळी दहा रुपयांची नवी स्मारक नाणी. वहीत चोख हिशोब. आमच्यातल्याच एकाने 1985 चे, सालाखाली ‘एच’ असलेले, बर्मिंगहॅममध्ये पाडलेले रुपये चारच्या चारही उचलले होते आणि तेवढ्याच किमतीची, कोणालाच नको असलेली नाणी भरली होती. नियम मोडला का? नाही. पण डबा मेला. बैठकीत खूप वाजलं. ‘‘किंमत बरोबर आहे ना, मग झालं,’’ असं म्हणणारे तिघे होते. शेवटी ठरलं, एका प्रकारातलं एका फेरीत एकच काढायचं, आणि ज्या जातीचं काढलं त्या जातीचं घालायचं. दुसरा नियम मला जाचक वाटतो. पैशाच्या बदल्यात पैसाच घालायचा तर बदलायचं काय? पण हात वर केला, कारण घासणाऱ्या बाईने फार बोलू नये.

आणखी एक, हे उन्हाळ्याने शिकवलं: मऊ प्लास्टिकच्या पाकिटातली नाणी नागपूरच्या मे महिन्यात चिकट, हिरवट होतात. आता सगळी पुठ्ठ्याच्या चौकटीत, कपाटाच्या खालच्या फळीवर.

सध्या डबा माझ्याकडे आहे, उद्या सकाळी महालात द्यायचा. त्यात एक एचवाला रुपया परत आला आहे. माझ्याकडे तसा एक आहे, जरा झिजलेला. हा बरा आहे. वही उघडी आहे, पेन त्यावर आडवं ठेवलंय.