रस्टचा पहिला खंड

जुन्या जॅझच्या तबकड्या इंदुरात मिळत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी महू कुठे आहे ते आधी बघावं. तासाभराच्या आत छावणी, तिथे गोरे साहेब, रेल्वेतली अँग्लो-इंडियन मंडळी, त्यांचे क्लब आणि डान्स, ते सगळे गेले पण सामान इथेच राहिलं आणि ते फिरत फिरत आमच्या अटालेवाल्यांकडे, म्हणजे भंगारवाल्यांकडे, येतं. एचएमव्ही, कोलंबिया, पार्लोफोन. बऱ्याचशा कलकत्त्याला डमडमच्या कारखान्यात छापलेल्या. "भिया, तवे आए हैं, देख लो," (तवे म्हणजे तबकड्या) असा फोन आला की मी जातोच, घरी काय सांगायचं ते वाटेत ठरवतो.

तर तबकड्या मिळतात, पण त्या तबकड्यांबद्दलची पुस्तकं मिळत नाहीत, आणि हे दुखणं जास्त वाईट आहे.

कारण लेबलवर काही म्हणजे काही लिहिलेलं नसतं. गाण्याचं नाव, खाली फॉक्स ट्रॉट, म्हणजे नाचाचा प्रकार, आणि बँडचं नाव. कधी रेकॉर्ड झालं, क्लॅरिनेटवर कोण, पत्ता नाही. बँडचं नाव तरी खरं असावं ना, तर तेही नाही! ड्यूक एलिंग्टनचाच बँड एका कंपनीत जंगल बँड, दुसरीकडे हार्लेम फूटवॉर्मर्स, तिसरीकडे व्हूपी मेकर्स, म्हणजे माणसं तीच, फक्त बोर्ड बदलायचे. खरी खूण असते ती लेबलच्या कडेला, खाचा संपतात त्या गुळगुळीत काळ्या पट्टीत, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला की दिसणारा बारीक नंबर. मॅट्रिक्स नंबर, कंपनीने त्या रेकॉर्डिंगला दिलेला. ती त्या तबकडीची जन्मवेळ म्हणा, पण जन्मवेळ घेऊन करणार काय, पंचांग नको का?

ते पंचांग म्हणजे डिस्कोग्राफी, रेकॉर्ड्सची तपशीलवार यादी. यातलं गाजलेलं पहिलं मोठं काम पॅरिसच्या शार्ल दलोनेचं, 1936 सालचं, 'हॉट डिस्कोग्राफी'. आईवडील दोघंही नावाजलेले चित्रकार आणि पोरगा बसला कुठल्या रेकॉर्डवर ट्रम्पेट कोणाचा याच्या याद्या करत, घरात काय वातावरण असेल देव जाणे. आणि मग ब्रायन रस्ट. बीबीसीच्या ग्रामोफोन लायब्ररीत काम केलेला हा इंग्रज माणूस, त्याने 1897 ते 1942 पर्यंतच्या जॅझ रेकॉर्ड्सची मांडणी केली, बँडवार, सेशनवार, तारीख, गाव, वाजवणारे, मॅट्रिक्स नंबर, कितवा टेक (एकच गाणं कितव्यांदा वाजवून घेतलं ते), कोणत्या लेबलवर आलं. त्याची 1978 ची आवृत्ती दोन जाडजूड खंडांत आहे. पानंच्या पानं नुसती नावं आणि आकडे, cl ला क्लॅरिनेट आणि bj ला बँजो अशी अक्षरं, धड एक वाक्य सापडेल तर शपथ. पण रात्री जेवण झाल्यावर हे वाचत बसण्यात जी मजा आहे ती मला कादंबरीत येत नाही, आता बोला.

आणि 1942 लाच का थांबला? त्या वर्षी 1 ऑगस्टपासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगच बंद केलं, कंपन्यांशी पैशावरून भांडण. त्याच वर्षी युद्धामुळे तिथे लाखेची टंचाई झाली, तबकड्या लाखेच्या आणि लाख जायची आपल्याकडून, तेव्हा सरकारने वापरावर निर्बंध आणले आणि जुन्या तबकड्या मोडीत घेऊन नव्या काढायची वेळ आली. आपल्याच जंगलातली लाख, पळसावरची, कुसुमावरची. राजवाड्याच्या बाजारात लाखेच्या बांगड्या बघितल्या की माझ्या डोक्यात लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट वाजायला लागतो, बायको म्हणते अहो रंग कोणता घेऊ ते सांगा.

तर रस्टचं पुस्तक. इंदूरच्या खजुरी बाजारात विचारलं तर दुकानदाराने पीएससीचं गाईड पुढे केलं. दिल्लीला गेलो की दर्यागंजचा रविवारचा बाजार (आता तो महिला हाटमध्ये भरतो), मुंबईत फाउंटनची फूटपाथ, सगळीकडे नजर. परदेशातून मागवायचं तर पुस्तकापेक्षा पोस्टेज जास्त, एकेका खंडाचं वजन विटेएवढं. मुलगा म्हणतो बाबा ऑनलाइन आहे की सगळं, आणि आहेच, कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा युनिव्हर्सिटीचा डेटाबेस फुकट आहे, नंबर टाकला की तारीख हजर. मी वापरतो, नाही कशाला म्हणू. पण स्क्रीनवर जे शोधलं तेवढंच मिळतं, पुस्तकात शेजारचं पण दिसतं, पियानोवाल्या जेली रोल मॉर्टनची तारीख बघायला जावं आणि किंग ऑलिव्हरपाशी तासभर अडकावं.

शेवटी मिळाला तो दुसरा खंड. फक्त दुसरा. आधीच्या मालकाने आपल्याकडे असलेल्या प्रत्येक रेकॉर्डसमोर पेन्सिलीने बारीक टिक केलीय, फॅट्स वॉलरच्या पानांवर टिकाच टिका, आणि एका ठिकाणी टिक खोडून पुढे "फुटली" अशा अर्थाचा एक इंग्रजी शब्द आणि उद्गारचिन्ह. बहुतेक कोणीतरी बसलं असणार त्यावर.

पण नावं इंग्रजी अक्षरक्रमाने, म्हणून आर्मस्ट्राँग, बायडरबेक, एलिंग्टन हे सगळे पहिल्या खंडात. ज्या विक्रेत्याने जोड्या तोडून विकल्या त्याला काय म्हणावं, इथे लिहिता येत नाही. म्हणजे कुठेतरी एक माणूस पहिला खंड घेऊन बसला असेल आणि मॉर्टन सापडत नाही म्हणून चरफडत असेल. तो भेटलाच तर आधी चहा पाजीन, मग कोणी कोणाला विकायचं यावर भांडण होईल, आणि मी तर माझा देणार नाही.