लांबून गेलं म्हणून लवकर पोचलं

प्रवाशाची तक्रार आमच्या टेबलावर आली ती सीटसमोरच्या पडद्यावरच्या नकाशाच्या फोटोसकट. सॅन फ्रान्सिस्को ते सिंगापूर अंतर साधारण १३,६०० किलोमीटर, मग विमान हवाई बेटांकडे कशाला वळवलं? त्या वळशात पुढचं विमान चुकलं, त्याची भरपाई कोण देणार?

तो वळसा मी घातला होता. मी फ्लाइट डिस्पॅचर. मार्ग, उंची, इंधन आम्ही जमिनीवर बसून ठरवतो. अमेरिकी नियमांत तर उड्डाणाची जबाबदारी कॅप्टन आणि डिस्पॅचर दोघांवर असते. प्रवाशांना आम्ही दिसत नाही, हे एरवी बरंच असतं.

सर्वांत जवळचा मार्ग आधी उत्तरेला, अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांच्या दिशेने चढतो आणि जपानला चाटून खाली येतो. हिवाळ्यात तिथेच पश्चिमेकडून जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याची धार, धावत असते. त्या रात्री तिचा गाभा ताशी ३०० किलोमीटरच्या वर होता, तोही थेट समोरून. दक्षिणेचा मार्ग सातेकशे किलोमीटर लांब, पण वारा जवळजवळ पडलेला. प्लॅनमध्ये तो चाळीस मिनिटांनी लवकर पोचत होता.

तरी कॅप्टननी अर्ध्या तासाचं जादा इंधन मागितलं. सिंगापूरच्या गडगडाटी पावसाचा अंदाज पाहता मागणी रास्त होती. पण एवढ्या पल्ल्यावर शेवटी एक टन जादा उरायला हवं तर निघताना दीडेक टन भरावं लागतं. बाकीचं ते ओझं वाहण्यातच जळतं. विमानाच्या वजनाला मर्यादा, म्हणजे तेवढा माल उतरवायचा. कार्गोवाल्यांनी फोनवर तोंडसुख घेतलं. त्यांना इंधन म्हणजे आमची हौस वाटते.

विमान प्लॅनच्या वेळेच्या आसपास उतरलं. वेळापत्रकापेक्षा उशीर झाला, हे खरं. सरळ गेलं असतं तर तो आणखी वाढला असता, असं मी म्हणतो. पण ते विमान उडालंच नाही, त्याचा पुरावा कुठून आणू? माझ्याकडे आहे तो फक्त अंदाज. अंतराला ताशी ८०० ने भागून वर अर्धा तास मिळवणाऱ्या वेबसाइट्सना ही अडचण नाही. त्यांच्या हिशेबात जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो! प्रत्यक्षात हिवाळ्यात सिंगापूरहून परतताना तोच वारा पाठीशी येतो आणि तास-दोन तास सहज वाचतात.

मी दोन्ही मार्गांचे वारे आणि वेळा मांडून सविस्तर उत्तर लिहिलं. ग्राहक विभागाने त्याचं एक वाक्य केलं: ‘प्रतिकूल हवामानामुळे मार्ग बदलावा लागला.’

प्रवाशाचं उलट उत्तर आलं, ‘खोटं बोलता. रात्रभर खिडकीतून तारे दिसत होते.’

दिसले असणारच. आम्ही नेलंच होतं तशा बाजूने.