फुल्व्हिया कूपे उभी केली, १४ नंबर न चिकटवता

इटलीतल्या तोरीनोत लान्चा कंपनीची जुनी गाडी शोधायला निघालं की दोन प्रकारची माणसं भेटतात, एक गाडी विकणारी आणि दुसरी १९७२ ची माँटे कार्लो रॅली विकणारी. मी घेतली ती दुसऱ्या प्रकारच्या माणसाकडून. लान्चाची फुल्व्हिया कूपे १.३ एस, दुसरी सिरीज, १९७१ चं मॉडेल, लाल रंग, बॉनेट मॅट काळं, दारावर मोठा १४, आणि भाव असा सांगितला की जणू ती रॅली जिंकणारा ड्रायव्हर मुनारी कालच तिच्यातून उतरलाय. चासी नंबर बघितला तर ८१८.६३० ने सुरू. पहिल्या १६०० एचएफचा, म्हणजे याच गाडीच्या रॅलीवाल्या मॉडेलचा, ८१८.५४० असतो. म्हणजे ही ऑफिसला जायची-यायची गाडी, आणि ते त्यालाही माहीत होतंच, मग भाव बराच खाली आला.

आता हा १४ नंबर काय प्रकरण आहे ते सांगतो, कारण पुढचे सगळे वाद त्यावरच झाले. कूपे आली १९६५ ला. इंजिन म्हणजे छोटं व्ही-४, पण दोन बाजूंमधला कोन जेमतेम १३ अंश, त्यामुळे सिलिंडर हेड एकच, आणि ते अख्खं इंजिन ४५ अंशात आडवं कलंडून पुढच्या ॲक्सलच्याही पुढे बसवलेलं. कागदावर विचित्र वाटतं. पण फ्रंट व्हील ड्राइव्ह आणि जास्त वजन पुढच्या चाकांवर, त्यामुळे बर्फात आणि चिखलात ही गाडी पकड सोडत नाही. चेझारे फिओरिओने १९६३ मध्ये एचएफ स्क्वाद्रा कोर्से ही लान्चाची रेसिंग टीम उभी केली, १९६७ ला मुनारीने कोर्सिकाची रॅली मारली, मग स्वीडनच्या हॅरी केल्स्ट्रमने ब्रिटनची आरएसी रॅली १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ. मधल्या काळात कंपनीची हालत इतकी खराब की १९६९ ला फियाटने विकत घेतली. तर अशा अवस्थेत जानेवारी १९७२ ला सान्द्रो मुनारी आणि त्याचा को-ड्रायव्हर मारिओ मान्नुच्ची सात वर्षं जुन्या डिझाइनची १६०० सीसी गाडी घेऊन माँटे कार्लोला उतरले, समोर अल्पीन ए११० आणि पोर्शे ९११. अल्पीनचे गिअरबॉक्स गेले, पोर्शे दुसरी आली, १४ नंबर पहिला. त्याच वर्षी कंपन्यांची इंटरनॅशनल चॅम्पियनशिपपण लान्चाकडे. खरंतर तोवर गाडी रिटायर व्हायच्या बेतात होती, लान्चाच्या पुढच्या रॅली गाडीची, स्त्रातोसची, तयारी सुरू झालेली.

आणि गंमत म्हणजे त्यानंतर कंपनीने स्वतःच 'मोंतेकार्लो' नावाची १.३ विकली, काळं बॉनेट, काळी डिकी, बंपर गायब. म्हणजे नकलेची सुरुवात कारखान्यातूनच झाली, तर मग लोकांना काय बोलणार.

गाडी गॅरेजला नेली. फुल्व्हियात पहिल्यांदा सबफ्रेम बघायची, बाकी सगळं नंतर. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं सस्पेन्शन, आडवी पाट्याची स्प्रिंग हे सगळं एका सबफ्रेमवर बसतं आणि ती सबफ्रेम बॉडीला जिथे बोल्ट होते तिथला पत्रा सडतो. माझ्या गाडीत मागच्या माउंटिंगला मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो आरपार. मग बॉडी वर उचलून पुढची अख्खी मशिनरी खाली काढली, कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला, आणि हे काम जितकं सांगायला सोपं तितकं करायला वेळखाऊ कारण माप जरा चुकलं की सबफ्रेम परत बसत नाही. दारांवरचे स्टिकर काढले तर आत बोटभर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. एका बाजूच्या सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पट्टीत, तर पत्रा कमी आणि पुट्टीच जास्त.

डिकीच्या गालिच्याखाली मात्र मूळ रंग सापडला, गडद निळा. तिथेच माझं ठरलं. पुण्याचा मित्र व्हिडिओ कॉलवर ओरडत होता, अरे वेडा आहेस का, लालच ठेव, १४ शिवाय हिच्याकडे कोण वळून बघणार. मिस्त्रीचंही साधारण तेच मत, फक्त जरा सभ्य भाषेत. मला पटेना. खऱ्या रॅलीच्या पहिल्या एचएफला दारं-बॉनेट हलक्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे होते, माझी लोखंडी पत्र्याची, इंजिन १२९८ सीसी, ९० हॉर्सपॉवर. तिने कधी रेस बघितली नाही तर बघितल्याचं सोंग कशाला. शिवाय कागदाचा मुद्दा होताच.

इथे जुन्या गाड्यांचं काम आसी बघते, म्हणजे आउटोमोटोक्लब स्तोरीको इतालियानो, १९६६ पासूनची संस्था, ऑफिस तोरीनोतच. त्यांच्याशी जोडलेल्या क्लबचं मेंबर व्हायचं, चारी बाजूंनी, इंजिनचे, आतले, चासी नंबर ठोकलेल्या जागेचे फोटो द्यायचे, मग क्लबचा टेक्निकल माणूस गाडी बघतो. गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे का हे बघितलं जातं, तुमची हौस नाही. त्याने निळा रंग बघून मान डोलावली आणि स्टिअरिंगकडे बोट दाखवलं, ते नंतर कोणीतरी बसवलेलं स्पोर्ट्स मॉडेल होतं. मूळचं मला जुन्या पार्टच्या मेळ्यात मिळालं. हा मेळा आधी पादोवाला भरायचा, २०२३ पासून बोलोन्याला भरतो, आणि पाकीट घरी ठेवून जायची जागा आहे. सर्टिफिकेट आलं की इन्शुरन्स बराच स्वस्त पडतो. रोड टॅक्सचं तसंही टेन्शन नाही, तीस वर्षांवरच्या गाडीला नेहमीचा टॅक्स नसतो, रस्त्यावर आणली तर वर्षाची छोटी ठरावीक रक्कम. काळी जुनी 'टीओ'वाली, म्हणजे तोरीनोची, नंबर प्लेट टिकली होती, तिला हातही लावू दिला नाही.

कार्बोरेटर मी स्वतः केले. सोलेक्स कंपनीचे दोन आहेत, नाव बघूनच बरं वाटलं, बाबांच्या पद्मिनीलापण सोलेक्सच होता, फक्त एकच, आणि तो फुंकून साफ करायची माझी ड्यूटी असायची. दोन मात्र एकमेकांशी जुळवायला डोकं लागतं, एक जास्त ओढतो, दुसरा कमी, आणि इंजिन आयडलला खोकत राहतं. जमलं तेव्हा इंजिनातल्या टायमिंग चेनचा आवाज वेगळा ऐकू यायला लागला.

चारी चाकांना डिस्क ब्रेक आहेत, त्या काळात तेराशे सीसीला ही चैनच, पण गाडी उभी राहून राहून कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारे चिमटे, जाम झालेले, म्हणून रेविझिओनेला म्हणजे इथल्या फिटनेस टेस्टला पहिल्या फेरीत हँडब्रेकवर अडलो. कॅलिपर उघडून, नवे सील टाकून परत नेली, पास झाली. हीटरचा पंखा अजून चालत नाही. मित्राने १४ चे स्टिकर कुरियर केलेत, ते गॅरेजच्या फ्रीजवर लावलेत.