किटलीची सावली

फ्रेम उघडली ती फक्त माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, बदलायला. चित्र साधंच: एनॅमलची पांढरी किटली, निळी कड, टेबलावर सावली. लाकडाच्या लगद्याचं माउंट आम्लानं पिवळं पडलं होतं आणि त्याच्या खिडकीच्या कडेनं कागदावर तपकिरी रेघ उमटली होती. नेहमीचं काम.

चित्र बाहेर काढलं की मी आधी दिवा एका बाजूनं, जवळजवळ कागदाच्या पातळीत धरतो. पारदर्शक जलरंगात पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद. तरी किटलीच्या पोटावर पांढरं गॉश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, असेल असं वाटलं होतं. नव्हतं. दहापट भिंगातून कोरे तंतू दिसले. सगळी गोलाई एकाच फिक्या करड्या वॉशची, म्हणजे पाणीदार रंगाच्या पातळ थराची, त्याची कड ओली असतानाच पाण्यानं विरवलेली. चोचीवरची चमक मात्र वेगळी. तिथले तंतू उचकटलेले, म्हणजे रंग पुरता वाळल्यावर पात्याच्या टोकानं खरवडलेले. कागद ओलसर असता तर त्याच्या गोळ्या निघून मळकट डाग पडला असता.

झाकणाखाली एक फुलोरा उठलाय. अर्धवट वाळलेल्या वॉशला जास्त ओला ब्रश टेकला की पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि दातेरी कड उरते. चित्रकारानं तो पुसायचा खटाटोप केलेला नाही. शहाणपणाचं केलं, पुसला असता तर तिथला कागदच खरबरीत झाला असता.

मग नजर खालच्या कडेला गेली. चित्रभर निळसर करडी असलेली सावली माउंटखाली झाकलेल्या चार मिलिमीटरच्या पट्टीत चक्क जांभळी होती! निळे दाणे दोन्हीकडे सारखेच, कागदाच्या खळग्यांत बसलेले. अल्ट्रामरीन असंच बसतं. उडालं होतं ते लाल. अहवालात ‘बहुधा अलिझारिन क्रिमसन’ लिहिलं, कारण पातळ वॉशमध्ये ते उजेडाला टिकत नाही. जांभळ्याशेजारी कोरा कागद किंचित पिवळसर, उबदार दिसतो. म्हणजे ही किटली उन्हात ठेवलेली होती. आज ती ढगाळ दिवसातली वाटते.

खिडकी थोडी मोठी कापून ती पट्टी दाखवायचा मोह झाला. पण उघडी ठेवली तर तीही उडणार, आणि उडालेला रंग परत आणता येत नाही. रंगपट्टी शेजारी ठेवून फोटो काढला, सुती बोर्डाचं माउंट जुन्याच मापानं कापलं, जपानी कागदाच्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीनं लावल्या. मागच्या चिठ्ठीवर लिहिलं: उजेड ५० लक्सच्या आत.