तीस इंचांचा थर

अमेरिकेतल्या मॅक्डॉवेल काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) छातीचा डॉक्टर म्हणून काम करताना स्टेथोस्कोप लावण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो: कुठल्या खाणीत होतात, काम काय होतं आणि कोळशाचा थर किती उंच होता. तिसऱ्या प्रश्नाचं महत्त्व मला गेल्या हिवाळ्यातल्या एका पेशंटमुळे पुरतं कळलं.

वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या अगदी दक्षिण टोकाची ही काउंटी. डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करण्याची व्हिसाची अट होती, म्हणून मी इथे आलो, आणि मुदत संपल्यावरही राहिलो. लहानपण चंद्रपूरला गेल्यामुळे कोळसा ओळखीचा होता, पण असा मुलूख पाहिला नव्हता. दोन डोंगरांच्या बेचक्यात ओढा, रस्ता, रूळ आणि घरांची एक ओळ, एवढंच मावतं. पूर आला की सगळं एकदम पाण्यात जातं. 2001, 2002 आणि पुन्हा फेब्रुवारी 2025 मध्ये तेच झालं. इंटरस्टेट महामार्ग काउंटीतून जात नाही, त्यामुळे तज्ज्ञाकडे पाठवायचं म्हणजे पेशंटचा अख्खा दिवस वळणावळणाच्या रस्त्यात जातो.

ते गृहस्थ अजून पन्नाशीचेही नव्हते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) चर्चच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबावं लागतं, म्हणून बायकोने बळेच आणलं होतं. सिगारेट कधी ओढली नव्हती. मी कामाचा इतिहास विचारला, तर त्यांनी पणजोबांपासून सुरुवात केली, आणि मी त्यांना अडवलं नाही.

पणजोबा अलाबामातली कापसाची शेती सोडून आलेले. 1880 च्या दशकात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे या डोंगरांत शिरली आणि पोकाहॉन्टास कोळशाला बाजार मिळाला. धूर कमी, उष्णता जास्त, पोलादाच्या भट्टीसाठी उत्तम कोक (कोळसा भाजून केलेलं इंधन). अमेरिकी नौदलाच्या जहाजांतही तो जळत असे. दक्षिणेतून कृष्णवर्णीय कुटुंबं आली, इटली आणि हंगेरीतून माणसं आली. किंबलला 1928 साली बांधलेलं एक स्मारक आहे, पहिल्या महायुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचं. पणजोबांच्या पिढीचं नाव निघालं की ते त्या इमारतीबद्दल फार अभिमानाने बोलतात. आजोबा आणि वडील गॅरी गावातल्या खाणींत होते. हे गाव यू. एस. स्टील कंपनीने वसवलेलं. 1950 च्या जनगणनेत काउंटीत 98,887 माणसं होती. 2020 मध्ये 19,111 उरली. यंत्रं आली, पोलाद कारखाने बसले, 1980 च्या दशकात गॅरीच्या खाणी बंद झाल्या. बाहेरचे पत्रकार इथली गरिबी टिपायला येतात. मे 1961 मध्ये फूड स्टॅम्प, म्हणजे गरिबांना अन्नासाठी सरकारी मदत देणाऱ्या योजनेची नवी सुरुवात याच काउंटीतून झाली, हेही ते आवर्जून लिहितात. मला त्याचा राग येतो. या देशाच्या पोलादातला केवढा वाटा याच डोंगरांतून गेला, त्याचा उल्लेखही नसतो.

मग मी थराबद्दल विचारलं. ते म्हणाले, “डॉक, डॅडी उभे राहून काम करायचे. मी वीस वर्षं रांगत काढली. तीस इंच.”

सगळं दुखणं त्या तीस इंचांत होतं. जाड थर आधीच्या पिढ्यांनी काढून नेले. उरले ते पातळ. पण यंत्राला आणि माणसाला शिरायला जागा लागते, म्हणून कोळशाबरोबर वरचा-खालचा खडकही कापला जातो. त्या खडकातल्या सिलिकाची धूळ कोळशाच्या धुळीपेक्षा कितीतरी घातक असते. त्यात हे रूफ बोल्टर, म्हणजे छत कोसळू नये म्हणून डोक्यावरच्या खडकात भोकं पाडून बोल्ट ठोकणारे.

एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात मोठे पांढरे गोळे दिसले. फुंकण्याच्या चाचणीचा आकडा सत्तरीच्या माणसाचा असावा तसा. ‘ब्लॅक लंग’, म्हणजे खाणीतल्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग, हा आजोबांचा आजार, असं इथले तरुण अजून म्हणतात. 1968 च्या फार्मिंग्टन खाणीतल्या स्फोटात 78 माणसं गेली, पुढच्या वर्षी खाणकामगारांनी संप केला, 1969 चा कायदा आला, धूळ कमी झाली आणि आजार खरोखर ओसरत गेला. मग तो परतला. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मध्य अॅपलाचियात, म्हणजे या डोंगराळ पट्ट्यात, 25 किंवा त्याहून जास्त वर्षं काम केलेल्या दर पाच खाणकामगारांतल्या एकाला तो आहे.

एक सेंटिमीटरहून मोठा डाग या आजाराचाच आहे हे सिद्ध झालं, की कायदा माणसाला पूर्ण अपंग धरतो आणि कंपनीला ते खोडता येत नाही. म्हणून भांडण निदानावरच होतं. हे डाग जुन्या क्षयाचे किंवा बुरशीचे आहेत असं सांगणारे अहवाल समोरून येतात. त्यामुळे मी त्याच दिवशी क्षयाची तपासणी आणि सीटी स्कॅन लिहून दिला, आणि प्रत्येक खाण, प्रत्येक काम आणि थराची उंची नोंदीत उतरवली. त्यांची शेवटची कंपनी दिवाळखोरीत गेलेली. अशा वेळी भरपाईचे पैसे कोळशाच्या दर टनामागे गोळा होणाऱ्या करातून उभारलेल्या केंद्रीय निधीतून मिळू शकतात, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

उठताना बायकोने विचारलं, मुलाचं काय करायचं. मुलगा विशीत, तोही रूफ बोल्टर. एक्स-रे काढला तर कंपनीला कळेल, नोकरी जाईल, या भीतीने टाळत होता. मी त्याला फोन लावायला सांगितला आणि स्पीकरवर समजावलं: सरकारी तपासणीचा निकाल गुप्त राहतो, आजाराची सुरुवात दिसली तर कमी धुळीच्या जागी बदली मागायचा कायदेशीर हक्क आहे, आणि पगार कमी करता येत नाही. त्याने विचारलं, हे लेखी मिळेल का? मी ते कलम छापून त्याच्या आईच्या हातात दिलं आणि पुढच्या आठवड्यात, त्याची रात्रपाळी संपते त्या वेळेला, त्याचा एक्स-रे ठरवला.