नको तितका स्वच्छ बँड

ड्राय आईसच्या खोक्यातून आलेल्या व्हायलवर ‘मानवी ओआर१ए१, रिकॉम्बिनंट प्रथिन’ (म्हणजे परक्या पेशीत जनुक घालून बनवलेले) एवढेच छापलेले होते आणि आत १० मायक्रोग्रॅम माल होता. वास ओळखणारा हा रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पटलात बसून वासाचा रेणू पकडणारे प्रथिन, सेन्सरच्या चिपवर बसवायचा, त्यावरून कार्व्होनचे द्रावण सोडायचे आणि दोघांची बांधणी मोजायची, असा आमचा बेत होता. कार्व्होनची दोन रूपे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असतात. एकाला पुदिन्याचा वास येतो आणि दुसऱ्याला बाळंतशोपेच्या जातीचा. जिवंत पेशींवरच्या प्रयोगांत ओआर१ए१ पुदिन्याच्या रूपाला कमी मात्रेतही जागतो, दुसऱ्याला मात्र त्याहून बरीच जास्त मात्रा लागते. त्यामुळे आपण खरोखर रिसेप्टरच मोजतो आहोत ना, हे पडताळायला ही जोडी फार सोयीची पडते.

त्या सकाळी पुदिन्याचा कार्व्होन सोडताच आलेख वर चढला आणि माझी विद्यार्थिनी खुर्चीतून उठूनच उभी राहिली. “सर, लागलं!” मलाही आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण अर्ध्या तासाने दुसरा कार्व्होन सोडल्यावर आलेख अगदी तितकाच चढला. मात्रा दहापट कमी करूनही दोघे जोडीनेच उतरले. मग शेजारच्या मार्गिकेवर नुसता जीएसटी, म्हणजे प्रथिन शुद्ध करण्यासाठी जोडतात तो टॅग, बसवून पाहिला, तर तिथेही जवळजवळ तसाच चढ दिसला. कार्व्होन तेलकट असल्यामुळे जिथे जागा मिळेल तिथे चिकटतो, आणि आम्ही तेच चिकटणे मोजत होतो.

दुपारी तिने उरलेल्या प्रथिनाचा ब्लॉट केला, म्हणजे ते जेलमधून आकारानुसार धाववून प्रतिपिंडाने त्याचा पट्टा उमटवला, आणि मोठ्या अभिमानाने मला दाखवला. एकच बँड, रेघ ओढावी तसा सरळ, वर-खाली कुठेही डाग नाही. त्या स्वच्छतेनेच माझ्या मनात पाल चुकचुकली. “नमुना उकळला होतास का?” असे विचारल्यावर तिने नेहमीप्रमाणे ९५ अंशांवर पाच मिनिटे ठेवल्याचे सांगितले. ओआर१ए१सारखे पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणारे प्रथिन असे उकळले की बहुधा त्याच्या गुठळ्या होतात आणि ते जेलच्या तोंडाशीच अडकून वर धूसर पट्टा सोडते. उकळूनही इतके शहाण्यासारखे धावणारे प्रथिन पटलातले असण्याची शक्यता कमीच. शिवाय हिशेब जुळत नव्हता. ओआर१ए१ची ३०९ अमिनो आम्ले म्हणजे सुमारे ३५ किलोडाल्टन (प्रथिनांचे वजन मोजायचे एकक), त्यात त्याला जोडलेल्या जीएसटीचे २६ मिळवले की बँड ६०च्या आसपास यायला हवा होता. तो ३०च्या जरासा वर बसला होता.

मग डेटाशीट शेवटच्या पानापर्यंत वाचली, जे काम मी मागणी नोंदवण्यापूर्वीच करायला हवे होते. तिथे बारीक अक्षरांत लिहिले होते की प्रथिन ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवलेले आहे आणि तो रिसेप्टरचा केवळ एक तुकडा आहे. विक्रेत्याने खोटे काही लिहिले नव्हते, पण ‘तुकडा’ हा शब्द व्हायलवर असता तर आमचे पैसे वाचले असते. रेणू बसतो तो कप्पा पटलातून आरपार जाणाऱ्या सातही सर्पिलांच्या मधे तयार होतो. टॅगला जोडलेल्या चाळीसेक अमिनो आम्लांत तो येणार कुठून?

अख्खा रिसेप्टर घडवणे किती अवघड आहे, हे या क्षेत्रातल्या कोणालाही ठाऊक असते. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या शास्त्रज्ञांनी या रिसेप्टरांच्या जनुकांचे कुटुंब १९९१ मध्ये शोधले, तरी वासाला बांधलेल्या मानवी रिसेप्टरची पहिली रचना, ओआर५१ई२ची, २०२३ मध्ये हाती आली. परक्या पेशीत हे रिसेप्टर आतच अडकून पडतात. २००४ मध्ये आरटीपी१सारखी सोबतीची प्रथिने सापडल्यावर त्यांना पटलापर्यंत पोहोचवणे बरेच सोपे झाले.

संध्याकाळी आम्ही हाना३ए या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींची मागणी लिहिली. या पेशींत ती सोबतीची प्रथिने आधीपासूनच बनत असतात. चिपचा बेत पुढे ढकलला. विद्यार्थिनीने व्हायल फेकू का असे विचारले, पण प्रतिपिंड तपासण्यासाठी तो तुकडा उत्तम होता. मी मार्करने झाकणावर ‘फक्त ब्लॉटसाठी’ असे लिहिले आणि ती उणे ८०च्या फ्रीझरमध्ये मागच्या रांगेत ठेवून दिली.